कडबा गेला, शेणखत गेलं. मग जस्ताची पुडी आली

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज भावाबद्दल बोलणार नाही. भावाबद्दल दुपारच्या सत्रात बोलायला माझ्यापेक्षा जास्त अभ्यास असलेली माणसं बसली आहेत. मला अर्धा तास दिला आहे तो मातीबद्दल बोलायला. तुमच्यातले बहुतेक कापूस आणि ज्वारीवाले, कोरडवाहू. सोयाबीन-गव्हाची गोष्ट आम्हाला कशाला सांगता, असं कोणी मनात म्हणत असेल तर त्याने घरच्या सात-बारावरची पीकपाहणी आठवून पाहावी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे ज्वारी होती. आज त्याच वावरात सोयाबीन आहे. विहिरीला पाणी असलं की मागून गहू, नसलं की हरभरा. महाराष्ट्रात आज ४० लाख हेक्टरांहून जास्त जमिनीवर सोयाबीन आहे. हे सोयाबीन आभाळातून पडलं नाही, ज्वारी आणि कापूस हटवूनच ते आलं.

आणि का येऊ नये? शंभर-एकशेदहा दिवसांत पीक घरात, दिवाळीला हातात पैसा. ज्वारीला भाव नव्हता, पाखरं राखायला माणूस नव्हता. आपण हिशेब केला आणि ज्वारी सोडली. हिशेब चुकला असं मी म्हणत नाही. एक रकाना त्यात धरायचा राहून गेला, तेवढंच म्हणतो.

तो रकाना कडब्याचा. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचं कुटार ढोरं खातात, पण कडब्यासारखं नाही. त्यात दुसरं काही मिसळून द्यावं लागतं. कडबा विकत घेऊन ढोरं पोसणं परवडेना, म्हणून ढोरं कमी झाली. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, बैलजोडीही गेली. २०१५ साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हातारा बैल विकला जाईना, म्हणून नवा घेण्याची हिंमत होईना. तो विषय मोठा आहे, आज त्यात शिरत नाही. ढोरं गेली म्हणजे उकिरडा गेला, आणि उकिरडा गेला म्हणजे वावरात जाणाऱ्या गाड्या थांबल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांनी कृषी केंद्राच्या काउंटरवर चकचकीत पुड्या दिसायला लागल्या. जस्ताची पुडी, लोहाची पुडी, सगळं एकत्र असलेली पुडी. उकिरडा जाणं आणि पुडी येणं यांचा काय संबंध, तेच आज सांगायचं आहे.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्याकडे विहिरीखाली तीन एकर आहे, काळी जमीन, खाली चुनखडी. सोयाबीनवर गहू, सोयाबीनवर गहू, असं सात-आठ वर्षं चाललं. मग गहू बसायला लागला. फुटवे कमी, मधल्या पानांवर फिकट डाग. युरिया टाकला तर दोन दिवस हिरवा दिसायचा, पुन्हा तसाच. कोणीतरी सांगितलं, जस्त कमी आहे. मी झिंक सल्फेट आणलं आणि हुशारी केली. वेगळी मजुरी नको म्हणून डीएपीत कालवलं आणि पेरणीच्या वेळी एकाच नळीतून सोडलं. काही फरक पडला नाही. मी गावभर सांगत सुटलो की झिंक सल्फेट म्हणजे लूट आहे.

लूट नव्हती, चूक माझी होती. स्फुरद आणि जस्त यांचं जमत नाही. दोन्ही एका जागी ओल्या मातीत आले की एकमेकांना धरून बसतात, आणि मुळाच्या कामाचं फार थोडं उरतं. नुसतं कालवण्याचाच प्रश्न नाही. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त डीएपी टाकत गेलं तरी पिकाला जस्त कमी पडायला लागतं. पीक जोमदार व्हावं म्हणून एकाला दोन पोती टाकणारे भाऊ इथे बसले असतील. त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता एक आकडा सांगतो, तो नीट ऐका. एक एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण नऊ लाख किलो माती असते. आपल्या काळ्या मातीत एकूण जस्त मोजलं तर त्यात चाळीस-पन्नास किलो सहज निघतं. एकरी दहा क्विंटल सोयाबीन आलं तर दाण्यांतून जस्त जातं किती? चाळीस-पन्नास ग्रॅम! किलो नाही, ग्रॅम. मग कमतरता येते कुठून? जस्त संपलेलं नाही, त्याला कुलूप लागलं आहे. आपली जमीन अल्कधर्मी, चुन्याची. तिचा सामू आठ-साडेआठ. अशा जमिनीत जस्त आणि लोह मातीला चिकटून बसतात, पाण्यात उतरत नाहीत. प्रयोगशाळा एकूण जस्त मोजत नाही, पिकाला मिळण्याजोगं मोजते, आणि ते दहा लाख भागांत ०.६ भागापेक्षा कमी निघालं तर कमतरता म्हणते. देशभर गेल्या काही वर्षांत जे लाखो नमुने तपासले, त्यांत सुमारे ३६ टक्के जमिनी जस्तात कमी निघाल्या.

या कुलपाची किल्ली सेंद्रिय पदार्थांत असते. शेणखत कुजताना जी आम्लं निघतात ती जस्ताला आणि लोहाला आपल्या हातात धरून ठेवतात. मातीला चिकटू देत नाहीत आणि मुळापर्यंत पोचवतात. शेणखतात स्वतःचं जस्त थोडंच असतं. गाडीभर खतातून मूठभर जस्तसुद्धा येत नाही. म्हणून ‘शेणखत टाकलं की सगळं मिळतं’ असं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. शेणखताचं मोठं काम जमिनीतलं आहे ते मोकळं करणं, आणि आपण वरून घातलेलं वाया जाऊ न देणं. उकिरडा बंद केला तेव्हा आपण किल्लीच फेकून दिली.

हे मी पोथीतलं सांगत नाही. मध्य प्रदेशात जबलपूरच्या कृषी विद्यापीठात १९७२ पासून एकाच शेतावर एक प्रयोग चालला आहे. जमीन आपल्यासारखीच काळी, पिकं सोयाबीन आणि गहू. एका तुकड्यात काहीच नाही, एकात नुसतं नत्र, एकात नत्र-स्फुरद, एकात तिन्ही, एकात तिन्ही आणि जस्त, एकात तिन्ही पण गंधकाशिवाय, आणि एकात तिन्ही आणि शेणखत. ज्या तुकड्यात नुसतं नत्र दिलं तो मागे पडत गेला. गंधक नसलेला तुकडा पूर्ण खत दिलेल्याच्या मागे राहिला. आणि शेणखतासह पूर्ण खत दिलेला तुकडा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुढे राहिला, त्याच्या मातीतला सेंद्रिय कर्बही वाढला. आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही १९८०च्या दशकापासून असाच प्रयोग ज्वारी-गव्हावर आहे. तिथेही खत आणि शेणखत मिळूनच पहिला नंबर आला. नुसतं शेणखत की नुसती पोती, हे भांडण आपल्यात फार चालतं. जमिनीने त्याचा निकाल कधीच दिला आहे.

गंधकाचा उल्लेख आला, तर तिथे थोडं थांबतो, कारण इथे आपला पैसा थेट वाचतो. आपले बाप सुपर फॉस्फेट टाकायचे. सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. गंधक मिळतं आहे हे त्यांना माहीतही नव्हतं, पण मिळत होतं. मग डीएपी आलं. एका पोत्यात काम होतं, खांद्यावर तीन पोती वाहायला नकोत. पण डीएपीत गंधक नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशच्या किमतीवरचं नियंत्रण उठलं आणि युरियावरचं राहिलं. ती खतं महागली, युरिया स्वस्त राहिला, आणि आपण युरियाकडे वळलो. त्यातही गंधक नाही. पीक मात्र तेलबियाचं! सोयाबीनच्या दाण्यात १८-२० टक्के तेल आणि ४० टक्के प्रथिनं. गंधकाशिवाय दोन्ही नीट भरत नाहीत.

सोयाबीनला एकरी १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद, १२ किलो पालाश आणि ८ किलो गंधक ही शिफारस आहे. ५० किलोच्या डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. तेवढंच स्फुरद सुपरच्या तीन पोत्यांत, वर साडेसोळा किलो गंधक फुकट. नत्रासाठी वीस-पंचवीस किलो युरिया, पालाशसाठी वीस किलो पोटॅश. आता दुकानात जाऊन दोन्हींचा भाव विचारा आणि तिथेच कागदावर बेरीज करा. वाहतूक धरा, मजुरी धरा. ज्या वर्षी जे स्वस्त ते घ्या. पण डीएपी घेतलं तर गंधकाची वेगळी सोय करावी लागेल, तो खर्चही त्याच बाजूला लिहा. बेरीज न करता गेलात तर दुकानदार सांगेल ते घेऊन याल.

दुकानाचं निघालं म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऐन पेरणीत मला एका दुकानात सांगितलं गेलं, डीएपी हवं असेल तर सोबत ही अर्ध्या किलोची पुडी घ्यावीच लागेल. पेरणी तोंडावर, मी घेतली. तुमच्यातही अनेकांनी घेतली आहे, हात वर करायला सांगत नाही. घरी येऊन मी चष्मा लावून पुडी वाचली. जस्त १२ टक्के. म्हणजे अर्ध्या किलोत ६० ग्रॅम. झिंक सल्फेट दहा किलो घेतलं तर त्यात २१ टक्क्यांनी दोन किलोपेक्षा जास्त जस्त, आणि वर एक किलो गंधक. पुडीतलं जस्त वेगळ्या जातीचं असतं, फवारणीत ते चांगलं लागू पडतं, हे खरं. पण ६० ग्रॅम मातीत टाकून वर्षाची काळजी मिटली असं समजणं चूक आहे. आणि एका मालाबरोबर दुसरा माल गळ्यात मारणं हे बेकायदा आहे. पक्की पावती मागा. पावतीवर दोन्ही वस्तू वेगवेगळ्या लिहून मागा. एकट्याने मागितली तर दुकानदार हसतो, दहा जणांनी मागितली तर लिहून देतो, हे आम्ही आमच्या बाजारात करून पाहिलं आहे.

आता काय करायचं ते सांगतो. माझं चुकलं ते मी असं दुरुस्त केलं.

माती तपासल्याशिवाय सूक्ष्म अन्नद्रव्यं घ्यायची नाहीत. फेब्रुवारी २०१५ पासून सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आहे. तीत बारा गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यांत गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन येतात. पण कार्ड तुमच्या वावराचं हवं, शेजारच्या वावरातल्या मातीचं नको. म्हणून नमुना स्वतः काढा. मे महिन्यात, खत टाकायच्या आधी, वावरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून, धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती सोडून. आणि एक बारीक गोष्ट, जिने माझा पहिला नमुना बिघडला. मी माती पत्र्याच्या बादलीत गोळा केली होती. त्या पत्र्यावर मुलामा कशाचा असतो? जस्ताचा! अहवाल आला, जस्त भरपूर! प्लास्टिकचं घमेलं घ्या. खड्डा कुदळीने करा, पण कुदळ लागलेला थर लाकडाच्या काडीने खरवडून टाका आणि मग माती घ्या. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नका.

जस्त कमी निघालं तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट. ते दरवर्षी लागत नाही. एकदा दिलं की दोन-तीन पिकं त्यावर निघतात, म्हणजे सोयाबीनला द्या, त्याच्यामागचा गहू किंवा हरभरा त्यावरच येतो. ते डीएपीत किंवा सुपरमध्ये कालवू नका. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, थोडं पाणी शिंपडा, सावलीत आठ-दहा दिवस मुरू द्या आणि शेवटच्या वखरणीआधी फेकून द्या. त्याच तीन एकरांत मी हेच केलं. पहिल्या वर्षी गव्हात थोडा फरक दिसला. दुसऱ्या वर्षी मी गावात जे बोललो होतो ते परत घ्यावं लागलं.

उभ्या पिकात कमतरता दिसली तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, ही फवारणी पुरते. पण आधी ओळखा. सोयाबीन पिवळं पडलं की आपण फवारायला धावतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तेही चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जागी, तर ते लोहाचं दुखणं. सतत पावसानंतर ते येतं आणि बरेचदा वापसा झाला की आपोआप जातं. चार दिवस थांबा, चर काढून पाणी बाहेर काढा, तरी राहिलं तरच हिराकस फवारा. खालची जुनी पानं पिवळी तर नत्र. नवी पानं सरसकट फिकट तर गंधक. आणि वावरात इकडे एक झाड तिकडे एक झाड, पानावर पिवळेधमक ठिपके आणि खाली पांढरी माशी, तर तो मोझॅक रोग. त्याला कोणतीही पुडी चालत नाही, झाड उपटून पुरा. ज्वारीत कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे दिसले तर तिथेही जस्तच कमी आहे. बोरॉनच्या वाटेला अहवालाशिवाय कोणी जाऊ नये. त्यात कमी आणि जास्त यांतलं अंतर फार थोडं आहे, जास्त झालं तर पीक जळतं.

आणि आता उकिरडा. एक मोठं ढोर दिवसाला साधारण दहा किलो शेण देतं. वर्षाचं साडेतीन टन. त्यातलं निम्मं चरायला गेल्यावर रानात पडतं. उरलेलं कुजून एक-सव्वा टन खत, म्हणजे पाच क्विंटलच्या दोन-अडीच गाड्या. तीन ढोरं असली तर सहा-सात गाड्या. एकरी चार गाड्या धरल्या तर वर्षाला दीड-पावणेदोन एकर होतो. म्हणून सगळ्या वावरात टोपली-टोपली फेकू नका. वावराचे तुकडे पाडा, दरवर्षी एका तुकड्याला पोटभर द्या, खरिपाच्या पिकाला द्या. मे महिन्यात वावरात छोटे छोटे ढीग करून उन्हात पंधरा दिवस ठेवायची आपली सवय आहे. त्यात नत्र उडून जातं. ज्या दिवशी गाडी रिकामी होते त्याच दिवशी ते मातीत मिसळा. अर्धकच्चं शेण टाकू नका, हुमणी आणि तण दोन्ही घरून नेऊन सोडाल.

ज्यांच्याकडे ढोरं नाहीत त्यांच्याकडे कुटार आहे, पऱ्हाटी आहे, गव्हाचं काड आहे. आपण ते पेटवतो. पेटवलं की त्यातलं नत्र आणि बरंचसं गंधक धुरातून जातं, आणि मग तेच गंधक आपण दुकानातून आणतो. पुसदच्या नारायण देवतव पांढरीपांडे यांनी, ज्यांना आपण नाडेप काका म्हणतो, थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायची पद्धत आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातून देशभर पोचवली. विटांचं दहा बाय सहा फूट आणि तीन फूट उंच टाकं, भिंतींना हवेची भोकं, तीन-चार महिन्यांत खत. पंचायतीने बांधून दिलेली ही टाकी गावोगाव आहेत. बहुतेकांत आज काय आहे? बकऱ्या बांधल्या आहेत. माझ्याही टाक्यात पाच वर्षं सरपण होतं, म्हणून दुसऱ्याला बोलत नाही.

गोठ्यात ढोरांखाली कुटार अंथरा. शेणापेक्षा मूत्रात नत्र आणि पालाश जास्त, आणि ते आपण नालीत सोडतो.

मागच्या बैठकीत एका माऊलीने मला विचारलं होतं, “भाऊ, शेण तुम्ही वावरात नेता, मग मी गोवऱ्या कशाच्या थापू? गॅसची टाकी भरायचे पैसे कोण देणार?” त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आजही पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या घरी आम्ही एवढंच ठरवलं, पऱ्हाट्या चुलीला आणि शेण खड्ड्याला. कापूस ज्याच्याकडे आहे त्याला हे जमतं. नुसत्या सोयाबीनवाल्याकडे पऱ्हाटीही नाही. त्याने एक-दीड एकर ज्वारी पुन्हा पेरावी का, हा प्रश्न मी इथे ठेवतो. दाण्याच्या भावावर ती परवडणार नाही. कडब्याच्या भावावर आणि त्यामागच्या खतावर हिशेब मांडला तर कदाचित परवडेल. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावातून एकाने तरी हा हिशेब मांडून आणावा, म्हणजे आपण अंदाजाने बोलणार नाही.

मातीचे नमुने त्याच दिवशी गोळा करून प्रयोगशाळेत एकत्र पोचवू. अर्धा किलो माती, सावलीत वाळवलेली, कापडी पिशवीत. आत चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचं पीक आणि पुढचं पीक लिहा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाईची ओल्या मातीत पुसते.